दादा जिथून परत आला

काचवाल्याच्या घरात जपून चालायची सवय सगळ्यांनाच लागते. खाली दुकान, वर दोन खोल्या, मध्ये अरुंद लाकडी जिना, आणि जिन्याखाली भिंतीला टेकवून ठेवलेल्या काचा. कुणाचा पाय जोरात पडला की त्या काचा बारीक किणकिणायच्या आणि बाबा खालूनच म्हणायचे, "कोण हत्ती चाललाय?" धाकटी मुलगी लहानपणापासून भिंतीच्या कडेकडेनं चालायची, म्हणून तिचं नाव पडलं मुंगी. घरात मुंगी, गल्लीत मुंगी, शाळेतसुद्धा मुंगीच.

ती घाबरट होती आणि हे कुणापासून लपलेलं नव्हतं. कुत्रं भुंकलं की आईच्या मागे, दार आपटलं की कानावर हात. आई म्हणायची, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," आणि हसायची. आईचं ते हसणं दादा परत येण्याआधीचं.

मुंगीचा बारावीचा निकाल लागून गेला होता. एका सकाळी दुकानातला फोन वाजला तेव्हा बाबा आरशाची काच कापत होते. टेबलावर जाड कापड, त्यावर काच, काचेवर पट्टी, आणि पट्टीला लागून काच कापायची हिरकणी चर्रकन चाललेली. मुंगीनं फोन घेतला. पलीकडची बाई विद्यापीठातून बोलत होती. पुढच्या सोमवारी मुलाखतीला या, म्हणाली. मुंगी फक्त "हो" आणि "बरं" एवढंच बोलली, पण तिच्या आवाजात काहीतरी असणार, कारण बाबांची रेघ वाकडी गेली. एवढ्या वर्षांत तिनं त्यांची रेघ वाकडी गेलेली पाहिली नव्हती.

"कोण होतं?"

तिनं सांगितलं. मोठ्या शहरातलं जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती फादरांचं विद्यापीठ. विज्ञानाच्या बाईंच्या मदतीनं तिनं गुपचूप अर्ज केला होता आणि घरात ताकास तूर लागू दिला नव्हता.

बाबा वाकड्या रेघेकडे बघत राहिले. "तेच?"

"तेच."

"दुसरं कुठलं नाही मिळालं?"

"भूकंपाचा विषय दुसरीकडे नाही, बाबा."

"दुसऱ्या विषयांचा काय दुष्काळ पडलाय?" ते म्हणाले, पण त्यात चेष्टा नव्हती. त्यांनी हिरकणी खाली ठेवली आणि बराच वेळ हात पुसत बसले.

आता हे 'तेच' म्हणजे काय ते सांगायला हवं.

दादा मुंगीपेक्षा आठ वर्षांनी मोठा. शाळेत पहिला, बोलायला चुरचुरीत. तो त्या विद्यापीठात गेला तेव्हा बाबांनी गल्लीतल्या प्रत्येकाला बोलावून चहा पाजला होता. पहिल्या वर्षी सगळं घर त्याला भेटायला गेलं. मुंगी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेल. त्यांच्या गावात जमिनीला अधूनमधून बारीक हादरे बसायचे. माणसांना कळायच्या आधी दुकानातल्या काचा थरथरायच्या, आणि त्या आवाजानं मुंगी आईला जाऊन बिलगायची. हे ठाऊक असल्यामुळे दादानं तिला मुद्दाम विज्ञान विभागाच्या तळघरात नेलं. तिथं एक म्हातारे फादर होते, दोन्ही कानांत यंत्र लावलेले. त्यांनी तिला भूकंपमापक दाखवला. एक गोल फिरणारा कागद, त्यावर टेकलेली बारीक लेखणी.

"उडी मार," फादर म्हणाले.

ती घाबरत घाबरत उडाली. लेखणी हलली आणि कागदावर इवलासा काटा उमटला.

"बघ. जमिनीला कळलं," फादर म्हणाले. "तिचंही आपल्याला कळतं. नीट ऐकायला मात्र शिकावं लागतं."

ज्या गोष्टीची इतकी धास्ती, ती गोष्ट एका माणसानं खोलीत बसवून ठेवली होती आणि तो रोज तिच्याशेजारी बसून चहा पीत होता. मुंगीच्या मनात तेव्हाच पक्कं झालं की आपल्याला इथं यायचंय.

दुसऱ्या वर्षी, ऐन सत्राच्या मध्यावर, एका दुपारी दादा पिशवी घेऊन दुकानाच्या दारात उभा राहिला. सुट्टी आहे का, बाबांनी विचारलं. तो काही न बोलता वर गेला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. पुन्हा गेला नाही. काय झालं, कुणी मारलं का, कुणी काही बोललं का, मुलीबिलीचं काही आहे का, सगळं विचारून झालं. तो नुसता मान हलवायचा. पुढे दुकानात मागच्या बाजूला बसून काचांच्या कडा घासायला लागला. काम नीट करायचा, पण गल्लीच्या कोपऱ्यापलीकडे त्याचं पाऊल पडेना. न्हावीसुद्धा घरी यायचा. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आईनं तर ताकाचं भांडंच घराबाहेर टाकलं. त्या शहराचं नाव घरात निघेनासं झालं.

पण मुंगीची खरी भीती यातल्या कशाचीच नव्हती. ती वेगळीच होती आणि तिनं ती कुणाला सांगितली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या प्रयोगशाळेत, काहीही कारण नसताना, तिच्या छातीत धडधडायला लागलं. हात मनगटापासून बधिर झाले, श्वास घशातच अडला, आणि आपण आत्ता, या क्षणी मरणार अशी तिची खात्री झाली. थोड्या वेळानं सगळं ओसरलं. मग ते पुन्हा आलं, पोस्टाच्या रांगेत. मग एकदा दुकानात, हातात खिडकीची मोठी काच असताना. तिनं काच कशीबशी खाली टेकवली आणि "चक्कर आली" म्हणून मोकळी झाली. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मागच्या खोलीत पाठमोऱ्या बसलेल्या दादाकडे बघताना तिच्या काळजाचं पाणी व्हायचं. दादाला तिथं जे गाठलं ते हेच तर नसेल? रक्तातच असेल तर? त्या शहरात गेलं की ते पुरतं तोंड उघडेल, आणि आपणही अशाच एका दुपारी पिशवी घेऊन दारात उभ्या राहू. मग आईनं काय करायचं?

जायचं तर होतंच. न जाण्याचा विचार केला की त्याहून जास्त भीती वाटायची.

त्या रात्रीच्या जेवणाला आई वाढता वाढता म्हणाली, "मी हिला पाठवणार नाही."

"मुलाखत तर देऊ दे," बाबा म्हणाले. "नाही जमली तर प्रश्नच मिटला."

"आणि जमली तर?"

बाबांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता ठेवला.

"मी जातो हिच्याबरोबर," दादा म्हणाला. "मला रस्ता माहीत आहे."

आईच्या हातातला डाव पातेल्यावरच थांबला. जो माणूस कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जात नव्हता तो रस्ता माहीत असल्याचं सांगत होता. कुणाला हसू आलं नाही. आईनं बाबांकडे बघितलं, बाबांनी ताटाकडे.

"तू?" एवढंच आई म्हणाली.

"हो. कुणीतरी जायलाच हवं ना."

सोमवारी सकाळी ते बसमध्ये बसले. दादानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि गाव मागे पडायच्या आत त्याची पाठ घामानं चिंब झाली. डोळे मिटून त्यानं पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. मुंगी त्याच्या बोटांकडे बघत होती. बोटं पांढरी पडली होती. उतरू या का, असं विचारायचं तिच्या अगदी ओठांवर आलं, पण तो 'हो' म्हणाला तर, या धास्तीनं ती गप्प बसली. मग त्या धास्तीची तिला लाज वाटली. ती खिडकीबाहेर बघायला लागली तर बाहेर शेतं संपून गोदामं सुरू झाली होती, मग उंच इमारती, मग पुलावर पूल. शहर संपतच नव्हतं. एवढ्या माणसांत आपल्याला काही झालं तर ते कुणाला कळणार, असा प्रश्न तिच्या डोक्यात भुंग्यासारखा फिरत राहिला.

विद्यापीठाचं लोखंडी फाटक तिला आठवत होतं त्यापेक्षा लहान निघालं. आत दगडी इमारत, दुतर्फा झाडं, सायकली लावायची जागा, आणि मुलंमुली हसत येत-जात होती. दादा फाटकाशी पोचला आणि थांबला. थांबला म्हणजे एखादं यंत्र बंद पडावं तसा.

"तू जा," तो म्हणाला. "मी इथंच आहे."

"दादा, बरं वाटत नाही का?"

"नाही वाटत." त्यानं भिंतीला हात टेकला. मग अचानक, इतक्या वर्षांत कुणाला न सांगितलेलं तो फाटकाशी उभा राहून, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या गर्दीत सांगायला लागला. "आई विचारायची ना, काय झालं म्हणून. काहीच झालं नाही गं. तेच तर. कुणी मारलं नाही, कुणी हसलं नाही. सकाळी नाश्त्याच्या हॉलमध्ये ताट घेऊन उभा होतो आणि पाय हलेनात. छाती अशी धडधडायला लागली की वाटलं, संपलं. ताट ठेवलं आणि खोलीत गेलो. मग खोलीतून बाहेरच पडेना. वसतिगृहाचे फादर रोज यायचे, दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे. म्हणायचे, काही बोलायचं असलं तर मी आहे. मी आत श्वास रोखून बसायचो. काय सांगणार? मला भीती वाटते म्हणून? कशाची म्हटलं तर? शेवटी ते जेवायला गेलेले बघितलं आणि पिशवी घेऊन पळालो. त्यांना न सांगता. चोरासारखा."

छातीची धडधड, संपलं असं वाटणं. तेच होतं. नावगाव नसलेली तिची भीती दादाच्या तोंडून तिला भेटत होती. आत्ता सांगावं, मलाही होतं म्हणून. पण त्याचा चेहरा एवढा उतरला होता की वर आपलं ओझं कसं टाकायचं? शिवाय मुलाखतीची वेळ झाली होती.

"कुठं जाऊ नकोस," ती म्हणाली. "मी आलेच."

मुलाखत घ्यायला दोघं होते. विभागप्रमुख बाई, पांढरे केस अगदी बारीक कापलेल्या, आणि एक तरुण फादर, अंगात पांढरा झगा आणि पायात खेळाचे बूट. तळघरातल्या म्हाताऱ्या फादरांची चौकशी तिनं केली. ते वारले होते. हे ऐकून तिचा उरलासुरला आधार सुटला.

"एवढ्या विषयांतून हाच का?" बाईंनी विचारलं.

उत्तर तिनं आठवडाभर घोकलं होतं. तोंड उघडलं, आणि ते आलं. मनगटापासून हात बधिर. श्वास घशात. समोरचे दोन चेहरे लांब गेले. आता उठायचं आणि दाराकडे जायचं, दाराबाहेर जिना, जिन्याखाली फाटक, असं सगळं तिच्या डोक्यात एकाच वेळी उलगडलं. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला, तो तिच्याच खुर्चीचा होता. आणि तिच्या डोळ्यांसमोर आला तो वसतिगृहाच्या खोलीत श्वास रोखून बसलेला दादा.

"मला भीती वाटतेय," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "हात बधिर झालेत. असं होतं मला. थोड्या वेळानं जातं."

आता हे म्हणतील, बाळा, घरी जा. तिची खात्रीच होती.

"पाणी हवंय?" फादरांनी विचारलं.

"नको. फक्त थांबा जरा."

ते थांबले. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या, जशा काही त्यांना दिवसभर दुसरं कामच नव्हतं. कुणी तिच्याकडे टक लावून बघितलं नाही, कुणी धीराचे शब्द काढले नाहीत. ते तसंच छातीवर बसून राहिलं, मग हळूहळू उतरलं. तिनं बोटं उघडमीट करून बघितली.

"आमचं काचेचं दुकान आहे," ती म्हणाली. "जमीन हलते ते आम्हाला इतरांच्या आधी ऐकू येतं. मी त्याला फार भिते. म्हणून मला ते शिकायचंय."

बाईंनी चष्मा चढवला. "हे मघाचं, नेहमी होतं?"

"हो."

"घरी माहीत आहे?"

"नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगितलं."

मग त्यांनी गणिताचे दोन प्रश्न विचारले. एकाचं उत्तर तिला आलं, दुसऱ्याचं नाही. कळवू, म्हणाले.

ती जिना उतरून पळतच फाटकाशी आली. दादा तिथं नव्हता.

भिंतीशी नव्हता, सायकलींपाशी नव्हता, रस्त्याच्या पलीकडे चहाच्या टपरीवर नव्हता. तिनं चहावाल्याला विचारलं, इस्त्रीचा शर्ट, सडपातळ, घाबरलेला. चहावाला म्हणाला, "ताई, इथं परीक्षेच्या दिवसांत सगळेच असे दिसतात." तिला रडू कोसळायचंच बाकी होतं. समोरून बस सुसाट जात होत्या. सकाळी बसमधून ओलांडलेले पूल तिला आठवले आणि तो विचार तिनं झटकून टाकला. आईला काय सांगायचं? एक मुलगा या शहरानं अर्धा परत दिला होता, उरलेला मी घालवला? ती परत आत पळाली. आयुष्यात पहिल्यांदा ती भिंतीची कड सोडून रस्त्याच्या मधोमध पळत होती, आणि दिसेल त्याला विचारत होती. एका माळ्यानं हात केला. "असा एकजण मुलांच्या वसतिगृहाकडे गेला बघा. भिंत धरून धरून चालला होता."

वसतिगृहाच्या व्हरांड्यात, एका बाकावर दादा बसला होता. शेजारी चाकांच्या खुर्चीत एक वृद्ध फादर, मांडीवर शाल. दादाचे डोळे लाल होते, पण तो हसत होता. मुंगी धापा टाकत समोर उभी राहिली. ओरडावं की बिलगावं, तिला कळेना.

"हीच का धाकटी?" फादरांनी विचारलं.

"हीच." दादा तिच्याकडे वळला. "मुंगे, ऐक. मी यांची माफी मागायला आलो. न सांगता पळून गेलो म्हणून. एवढी वर्षं मनात तेच. झोपताना यांची खुर्ची दिसायची मला."

"मग?"

"यांना मी आठवतच नाही."

"खरंच आठवत नाही," फादर ओशाळून म्हणाले. "फार मुलांच्या दाराबाहेर बसलोय मी. काही दार उघडायची, काही नाही. दर वर्षी दोन-चार असतातच, बाळ. यानं माफी मागितली तेव्हा मीच याला विचारलं, तू त्यातला कुठला?"

दादा पुन्हा हसला, आणि हसता हसता त्यानं तोंडावर हात धरला. मुंगी त्याच्याशेजारी बाकावर बसली. मग फादरांच्या देखतच तिनं सांगून टाकलं. प्रयोगशाळा, पोस्टाची रांग, दुकानातली काच, मघाची मुलाखत. दादाचं हसू मावळलं.

"मला का नाही सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"तू तरी कुठं सांगितलंस?"

परतीच्या बसमध्येही दादानं दांडी तशीच धरली होती. मात्र या खेपेला एकाच हातानं, दुसऱ्या हातात मुंगीचा हात होता.

घरी त्यांनी सगळं सांगितलं. बाबा ऐकून घेऊन खाली दुकानात गेले आणि दिवे न लावता बसून राहिले. आई रडली नाही, भडकली. "दोन्ही मुलं माझ्या डोळ्यांसमोर आतून तुटतायत आणि मला चक्कर म्हणून सांगता?" ती पुढे कितीतरी दिवस कुणाशी धड बोलली नाही. विद्यापीठाचा फोन आला, प्रवेश मिळाला, तेव्हा तिनं फक्त विचारलं, "तिथं डॉक्टर आहे का याचा?" आहे म्हटल्यावर मुंगीचे कपडे पिशवीत भरायला बसली.

मुंगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. भीती गेली का म्हणाल, तर नाही. पहिल्या सत्रात तर तिनं जवळजवळ पिशवी भरलीच होती. डॉक्टरकडे जाते, श्वास मोजायला शिकली आहे, वर्गात दाराजवळची जागा धरते. काही आठवडे बरे जातात, काही नाही. दादा डॉक्टरकडे जायला लागला तो उशिरानं, कुरकुरत. अजून तो शहरात पुन्हा आलेला नाही. न्हाव्याकडे मात्र स्वतःच्या पायांनी जातो, आणि न्हावी म्हणतो, घरी यायचो तेच बरं होतं, निदान चहा मिळायचा.

आई रोज संध्याकाळी फोन करते.

"जेवलीस का?"

"आत्ताच जाते आहे."

"बरं." मग थोडं थांबून, गॅस बंद केलास का असं विचारावं तशा आवाजात आई विचारते, "आज भीती वाटली का?"

"वाटली. सकाळी प्रयोगशाळेत."

"फार?"

"बऱ्यापैकी."

"मलाही दुपारी वाटली, तुझी आठवण येऊन," आई म्हणते. "जा आता, ताट घे. गार होईल."